कोरियावर बेतलेलं राज्य रचताय? आधी शतक निवडा, मग भांडण

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मध्ययुगीन कोरियावरून ‘सोरान’ नावाचं राज्य तुम्ही कादंबरीसाठी रचलंय. राजा आहे, कारस्थानी प्रधान आहे, शूर सेनापती आहे, हान्बोक हा पारंपरिक पोशाख आहे, किम्ची आहे. तरी खर्डा वाचणारे म्हणतात, ‘ही आपलीच दरबारी कादंबरी, नावं तेवढी कोरियन.’ तेव्हा समाज आणि संस्कृती आणखी कोरियन कशी करायची? शिवाय तीन बारके प्रश्न: राणी स्वतः राज्य करू शकते का, व्यवहार नाण्यांत दाखवावा का, आणि खरी नावं घ्यावीत का.

कादंबऱ्यांना आणि गेमना अशी राज्यं रचून देणं हे माझं काम आहे, म्हणून स्पष्टच सांगते. आणखी दहा पदार्थ आणि वीस पोशाख घातलेत तरी वाचक हेच म्हणतील. सोरानमध्ये माणसाला दर्जा कुठून मिळतो, तो कोण काढून घेऊ शकतं आणि त्यावरून कोण कोणावर जळतं, हे अजून ठरलेलं नाही. ते ठरलं की घर, लग्न, जेवण, देऊळ हे सगळं आपोआप जागेवर बसतं. न ठरल्यास आपल्या मनात आधीपासून असलेला साचा, म्हणजे जात, घराणं आणि राजनिष्ठा, ती रिकामी जागा भरून काढतो. तुमच्या खर्ड्यात तेच झालंय.

हे ठरवण्याआधी शतक निवडावं लागेल. ‘मध्ययुगीन कोरिया’ हा एकच कोरिया नाही. सिल्लाने 668 पर्यंत बेक्जे आणि गोगुर्यो या दोन्ही शेजाऱ्यांना संपवलं आणि ते राज्य 935 पर्यंत टिकलं. गोर्यो 918 ते 1392. त्यानंतर जोसॉन. टीव्हीवरच्या कोरियन मालिका पाहून आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो बहुतेक वेळा जोसॉन, आणि तोही उत्तरार्धातला: काळ्या जाळीदार टोप्या, पतीच्या घरी नांदणारी मुकाट सून, पुनर्विवाहाचं नाव न काढणारी विधवा. गोर्योत यातलं बरंच काही नव्हतं. हंगुल लिपीसुद्धा 1446 मध्ये जाहीर झाली. त्याआधी लिहायचं म्हणजे चिनी अक्षरांतच. तुमची दासी प्रियकराला चिठ्ठी लिहिते, तेव्हा ती अक्षरं कुठे शिकली हे सांगावं लागेल.

कोणतं शतक घ्यायचं हे तुमच्या गोष्टीवर अवलंबून आहे. जन्माने बांधलेल्या माणसाची शोकांतिका लिहायची असेल तर सिल्ला घ्या. तिथे ‘गोल्पुम’ म्हणजे अस्थींची प्रतवारी होती. सर्वांत वर पवित्र अस्थी, मग खरी अस्थी, त्याखाली मस्तकश्रेणी सहा, पाच, चार. ही उतरंड नुसती मानपानाची नव्हती. 834 मध्ये राजा हुंगदॉकने काढलेल्या फर्मानात कोणी कोणतं कापड नेसायचं, कसली भांडी वापरायची हे तर आहेच, पण खोलीचं मापही आहे: खऱ्या अस्थीवाल्याची खोली 24 फुटांपेक्षा मोठी नको, सहाव्या श्रेणीची 21, पाचव्या श्रेणीची 18, त्याखालच्यांची 15. (हे ‘फूट’ तिथलं जुनं माप, आपलं नव्हे.) असा एक नियम हाती आला की प्रसंग सुचायला लागतात. पाहुणा दारात उभा राहिला की खोलीच्या लांबीवरून यजमानाची कुवत ओळखतो.

या व्यवस्थेने काय केलं हे पाहायला छ्वे छिवॉन हा एकच माणूस पुरेसा आहे. सहाव्या श्रेणीच्या घरातला हा मुलगा बारा वर्षांचा असताना थांग राजवंशाच्या चीनमध्ये शिकायला गेला. 874 मध्ये तिथली सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाला, तिथे नोकरी केली, नाव कमावलं आणि 885 मध्ये परतला. 894 मध्ये त्याने राणी जिन्सॉंगला सुधारणांचा प्रस्ताव दिला. बदल्यात त्याला सतरापैकी सहाव्या पायरीचं पद मिळालं, कारण त्याच्या श्रेणीला त्यावर जाताच येत नव्हतं. सुधारणा कागदावर राहिल्या आणि तो हेइन्सा मठाच्या डोंगरात निघून गेला. राज्यातला सर्वांत शिकलेला माणूस, आणि त्याची वाट कोणा खलनायकाने अडवलेली नाही. ती खोलीच्या मापाने अडवली आहे.

पण तुमचा खर्डा वाचून मला वाटतं, तुम्हाला गोर्यो हवंय, आणि त्यातही 1170 ते 1270 हे शतक. तुमच्याकडे सेनापती आहे, सत्तापालट आहे आणि सरहद्दीवर परकं सैन्य आहे, म्हणून म्हणते.

गोर्योत दर्जाचं एक नवं दार उघडलं. 958 मध्ये राजा ग्वांगजोंगने चीनहून आलेल्या एका अधिकाऱ्याच्या सल्ल्याने सरकारी परीक्षा सुरू केली. हे काही ज्ञानप्रेमातून झालं नाही. त्याचा बाप वांग गॉन याने राज्य जोडलं ते स्थानिक सरदारांशी सोयरीक करून. त्याला 29 बायका होत्या, म्हणजे तितकी सासरं आणि तितके हक्कदार. मुलाच्या वाट्याला या सरदारांनी भरलेला दरबार आला. परीक्षेतून वर आलेला माणूस राजाचा असतो, सासऱ्याचा नसतो. दोन वर्षं आधी, 956 मध्ये, त्याच राजाने गुलामांची छाननी करून अन्यायाने गुलाम केलेल्यांना सोडवलं. त्यामागेही सरदारांचं मनुष्यबळ तोडण्याचा हिशेब होता. मागचं दार मात्र बंद झालं नाही. पाचव्या किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा मुलगा परीक्षा न देताही नोकरीत शिरू शकत असे. परीक्षेने आलेला आणि बापाच्या पुण्याईने आलेला असे दोघे एकाच कचेरीत बसलेले दाखवा. संवाद आपोआप सुचेल.

आता तुमच्या शूर सेनापतीकडे येऊ. भारतीय साचा सर्वांत ठळक दिसतो तो इथेच. आपल्याकडे तलवार हे मानाचं हत्यार, म्हणून तुमचा सेनापती दरबारात ताठ मानेने बोलतो आणि कारकून दबकून असतात. गोर्योत उलट होतं. मोठ्या मोहिमांचं नेतृत्वसुद्धा पंडितांकडे, म्हणजे शिकलेल्या मुलकी अधिकाऱ्यांकडे असे. 1019 मध्ये ग्वीजू इथे उत्तरेकडच्या खितान लोकांच्या सैन्याचा धुव्वा उडवणारा गांग गामछान परीक्षेतून आलेला मुलकी अधिकारी होता, तोही सत्तरी ओलांडलेला. लष्करी अधिकारी दरबारात दुसऱ्या रांगेचे. राजा पंडितांबरोबर मद्य आणि कविता करत बसे तेव्हा यांनी बाहेर पहारा द्यायचा. किम दोनजुंग नावाच्या तरुण पंडिताने मेणबत्तीने जॉंग जुंगबू या अधिकाऱ्याची दाढी जाळली होती. 1170 मध्ये राजा उईजोंगच्या सहलीत कुस्तीसारखा एक खेळ ठेवला होता. त्यात वयस्क सेनानी ई सोउंग हरला, तेव्हा हान रवे नावाच्या पंडिताने सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. त्याच दिवशी लष्करी अधिकाऱ्यांनी कत्तल सुरू केली. पंडितांना शोधून शोधून मारलं गेलं आणि राजाला बेटावर धाडलं.

थप्पड हे निमित्त होतं. त्यामागे थकलेले पगार होते, जमिनी होत्या, सैनिकांची उपासमार होती. पण मध्ययुगीन समाज रचताना मी नेहमी असं निमित्त आधी शोधते, कारण त्यातून समाजाची शिवण कुठे उसवलेली आहे ते दिसतं. तुमच्या सेनापतीला पहिल्या प्रकरणात लढाई जिंकू देऊ नका. कोणीतरी पोरसवदा कवी त्याच्या दाढीची थट्टा करतोय, आणि त्याला हसावं लागतंय, असं दाखवा.

पुढचं शतक तर कादंबरीकाराला आंदण मिळाल्यासारखं आहे. बंडानंतर सत्तेवर आलेल्यांपैकी ई उइमिन याची आई मठाची गुलाम आणि बाप मीठ, चाळण्या विकणारा. त्याने पदच्युत राजाला हातांनी मारलं आणि पुढे देशाचा कर्ता झाला. 1196 मध्ये छ्वे छुंगहॉन या सेनानीने त्याला संपवलं. दोनच वर्षांनी छ्वेच्याच घरातला मान्जॉक नावाचा गुलाम लाकडं तोडायला डोंगरावर गेला असताना इतर गुलामांना जमवून म्हणाला की राजे आणि सेनापती काही वेगळ्या बीजाचे नसतात. वेळ आली की कोणीही होऊ शकतो. आपापल्या मालकांना मारून गुलामीची कागदपत्रं जाळायची असा बेत ठरला. त्यांच्यातल्याच एकाने तो मालकाला सांगितला आणि शंभरावर गुलामांना नदीत बुडवलं गेलं. मान्जॉकचं ते वाक्य हवेतून आलेलं नाही. गुलाम बाईचा मुलगा देशावर हुकूम चालवताना त्याने पाहिला होता.

इथे एक सावधगिरी. ‘नोबी’ म्हणजे गोर्योचे गुलाम, यांना आपल्याकडच्या जातींसारखं लिहू नका. त्यांची विक्री होई, ते वारशात वाटले जात. मात्र मालकापासून वेगळे राहणारे नोबी स्वतःची जमीनही बाळगत. त्यांचं वेगळेपण शिवाशिवीत नव्हतं, मालकीच्या कागदात होतं. म्हणूनच बंडखोरांना कागद जाळायचे होते. 1039 च्या नियमाने गुलामांचं मूल आईच्या मालकाचं ठरे. नंतर व्यवहारात आईबापांपैकी एक जरी गुलाम असला तरी मूल गुलाम. यावरून एक अख्खी प्रेमकथा लिहिता येईल.

छ्वे छुंगहॉनने दोन राजे उतरवले, चार बसवले, पण स्वतः गादीवर बसला नाही. त्याच्या मुलाने तर नेमणुका ठरवणारी कचेरीच आपल्या घरात थाटली. घराणं 1258 पर्यंत टिकलं. मुकुट का घेतला नाही? मला पटणारं कारण असं: राजवंशाला शेजारच्या सम्राटाची मान्यता लागते, पूर्वजांचे विधी लागतात आणि पंडितांच्या सह्या लागतात. हे सगळं नव्याने उभं करण्यापेक्षा जुना राजा ठेवणं स्वस्त पडतं. तुमच्या प्रधानाला ‘मला सिंहासन हवंय’ असं म्हणायला लावलंय, ते वाक्य आधी काढा.

आता घर. सोरान भारतीय वाटण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

तुमची नायिका लग्नानंतर रडत सासरी निघते. गोर्योत लग्न झाल्यावर बहुधा नवराच बायकोच्या घरी राहायला जाई, वर्षानुवर्षं राही, आणि मुलं आजोळी वाढत. मुलीला मुलाइतकाच वाटा मिळे. पूर्वजांचे विधीही मुलं-मुली पाळीपाळीने करत. तेराव्या शतकातला एक खटला सांगते. बाप मरताना सगळी मालमत्ता थोरल्या मुलीच्या नावे करतो. लहानग्या मुलाला फक्त काळी वस्त्रं आणि टोपी, गवती पायताणांचा जोड आणि कागदाचा एक ताव. मुलगा मोठा झाल्यावर दावा लावतो. सोन ब्यॉन नावाचा अधिकारी दोघांना विचारतो, ‘बाप गेला तेव्हा तुमची वयं काय होती?’ मुलीचं लग्न झालेलं, मुलगा दुधाचे दात पडायच्या वयाचा. मग तो म्हणतो: बापाचं प्रेम दोन्ही मुलांवर सारखंच. सगळं मुलाला दिलं असतं तर बहिणीने त्याला नीट सांभाळलं नसतं. म्हणून त्याने मुलाला मोठेपणी कचेरीत तक्रार न्यायला लागेल ते सामान ठेवलं: अर्जासाठी कागद, अंगावर घालायला वस्त्रं, पायात पायताण. बहीण-भाऊ दोघे रडले आणि मालमत्ता निम्मी निम्मी झाली. या निवाड्यात ‘मुलीला कसं काय दिलं?’ हा प्रश्न कोणीच विचारत नाही. वाद फक्त वाटा समान का नाही याचा आहे.

विधवा पुनर्विवाह करत; राजा छुंगसॉनची एक राणी आधीच्या नवऱ्याच्या मुलांची आई होती. राजा छुंगन्यॉलच्या काळात बाक यू नावाच्या मंत्र्याने सुचवलं की देशात पुरुष कमी पडलेत, तेव्हा अधिकाऱ्यांना जास्त बायका करू द्याव्यात. दीपोत्सवाला तो राजाच्या स्वारीमागून निघाला, तर एका म्हातारीने बोट दाखवून ‘हाच तो, जास्त बायका करा म्हणणारा म्हातारा भिकारडा’ असं ओरडायला सुरुवात केली, आणि रस्ताभर बायकांची बोटं त्याच्याकडे वळली. मंत्रिमंडळातल्या काहींना घरी बायकांची भीती होती, त्यामुळे प्रस्ताव तिथेच गळाला. असा प्रसंग तुमच्या कादंबरीत असेल तर ‘नावं तेवढी कोरियन’ कोणी म्हणणार नाही.

राजघराण्यात मात्र सावत्र भावंडांची लग्नं होत. ग्वांगजोंगची राणी त्याची सावत्र बहीण होती. राजकन्या अशा वेळी आजोळचं आडनाव लावत. मराठी वाचक इथे दचकेल. दचकू द्या, पण कारण द्या: मालमत्ता आणि गादीचा हक्क घराबाहेर जाऊ नये म्हणून. 1308 मध्ये मंगोल दडपणाखाली ही प्रथा फर्मानाने बंद करण्यात आली.

धर्माबद्दल तुम्ही ‘बौद्ध की कन्फ्यूशियन’ असं विचारलंय. गोर्योत ही निवड करावी लागत नव्हती. 982 मध्ये छ्वे सुंगनो या मंत्र्याने राजाला लिहून दिलं की बुद्धाची वाट स्वतःला घडवण्यासाठी आणि कन्फ्यूशियसची वाट राज्य चालवण्यासाठी. कारभार एका पोथीने, श्राद्ध-नवस दुसऱ्या पोथीने. उईछॉन हा राजा मुनजोंगचा चौथा मुलगा भिक्षू झाला, आणि मोठा विद्वान म्हणून गाजला. भिक्षूंच्याही सरकारी परीक्षा होत, हुद्दे असत. मठ जमिनी राखत, व्याजाने धान्य देत, मद्यही गाळत. म्हणजे तुमचा शांत, निरिच्छ मठाधिपती असू शकतो, पण त्याच्या कोठारात शेजारच्या गावाचं कर्ज असायला हवं. 1231 पासून मंगोल स्वाऱ्या आल्या, दुसऱ्या वर्षी दरबार गांगह्वा बेटावर पळाला आणि तिथून 1236 ते 1251 या काळात बौद्ध ग्रंथांचे 81,258 लाकडी ठसे कोरवून घेतले. ते आजही हेइन्सात आहेत. मुख्य भूमीवर गावं जळत असताना करांचं धान्य मात्र जहाजांनी बेटावर पोचत होतं. श्रद्धा खरी, कारागिरी अप्रतिम, आणि खर्च शेतकऱ्याच्या डोक्यावर: तिन्ही गोष्टी एका प्रकरणात आल्या तर तुमचं युद्ध जिवंत होईल.

सामान्य माणसांत ‘सो’ नावाच्या वस्त्या विसरू नका. कागद, चिनी माती, सोनं, मीठ असा एकेक माल सरकारला पुरवायला बांधलेली ही गावं; तिथल्यांवर शेतकऱ्यांपेक्षा जास्त बोजा, आणि गाव सोडायची मुभा नाही. 1176 मध्ये गोंगजूजवळच्या म्यॉंगहाक या अशाच वस्तीत मांगी आणि मांगसोई यांनी बंड केलं. दरबाराने वस्तीचा दर्जा वाढवून त्यांना शांत करायचा प्रयत्न केला. तुमच्या राजवाड्यातली हिरवट-निळी सुरई अशाच हातांची.

खाणं-पिणं झटपट. राजपुत्र लालभडक किम्ची खातो, ते खोडा. मिरची अमेरिकेची, आपल्या किनाऱ्यावर ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली आणि कोरियालाही त्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिचा पत्ता नव्हता. कवी ई ग्यूबो (1168–1241) मुळा मिठात घालून हिवाळ्यासाठी ठेवतात असं लिहितो. तसा पांढरा मुळा द्या. बटाटा, मका, तंबाखू नाहीत. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सुती कापडही नाही. भांगेच्या आणि रेमी नावाच्या झुडपाच्या तंतूंची वस्त्रं आणि श्रीमंतांना रेशीम. ऊर्ध्वपातित दारू मंगोलांबरोबर आली, त्याआधी भाताचं मद्य. 1123 मध्ये चीनहून आलेला शू जिंग नोंदवतो की इथली माणसं रोज सकाळी आंघोळ करतात आणि उन्हाळ्यात नदीवर स्त्री-पुरुष एकत्रच उतरतात. हा तपशील मी असते तर नक्की वापरला असता.

आता तुमचे बारके प्रश्न. राणी: सिल्ला घेतलंत तर हो. 632 मध्ये सॉन्दॉक गादीवर आली ती पवित्र अस्थीचा पुरुष उरला नव्हता म्हणून. आणि 647 मध्ये बिदामने बंड केलं ते बाईला राज्य करता येत नाही असं म्हणत. गोर्योत एकही राज्यकर्ती राणी नाही, पण राजमाता आणि तिचे भाऊ पुरेसे धोकादायक आहेत. नाणी: सरकारने 996 मध्ये नाणी पाडली, 1101 मध्ये चांदीची सुरईच्या आकाराची चलनंही काढली, पण बाजारात लोक तांदूळ आणि कापडच मोजत राहिले. ब्यॉंगनांदो बंदरावर चिनी व्यापारी नेहमीचे आणि अकराव्या शतकात अरबही येऊन गेलेले; परका माल दाखवायचा तर तिथे दाखवा.

नावं: खऱ्या राजांची घेऊ नका; तारखा तपासणारा वाचक भेटतोच. मात्र नावांची रीत उचला. आडनाव आणि त्याला जोडलेलं मूळ गाव हे घराण्याच्या माणसांचं. मान्जॉक, मांगी, मांगसोई यांना आडनावं नाहीत. तुमच्या खर्ड्यात तबेल्यातल्या पोरालाही आडनाव आहे. ते काढा, आणि पुढे तो मोठा माणूस होणार असेल तर ते त्याला कोणाकडून, कशाच्या बदल्यात मिळतं, ते लिहा.